पाहणी कोणासाठी? इंग्लंडच्या अंतर्गत जलमार्गांवरील जुन्या मोटार-क्रूझरांच्या परीक्षेचा इतिहास

'सर्व्हे' हा शब्द मराठीत रुळला तो जमिनीच्या वाटेने. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जी नवी मोजणी व आकारणी केली, तिच्यापासून 'सर्व्हे नंबर' हा जोडशब्द खेडोपाडी पोहोचला व आज तो परका आहे असे कोणाच्या ध्यानीही येत नाही. त्याच्या आधीचा आपला शब्द 'पाहणी'. उभ्या पिकाची पाहणी करून सारा ठरविण्याची चाल जुनी असून तिचा अवशेष 'पीकपाहणी' या शब्दात अद्याप टिकून आहे. या दोन्ही शब्दांत एक समान गोष्ट आहे. पाहणारा एक, वस्तू दुसऱ्याची, आणि पाहण्याचा हेतू तिसऱ्याच्या तिजोरीशी बांधलेला. ज्याचे शेत पाहिले जाते तो बांधावर उभा राहून पाहणाऱ्याचे तोंड पाहात असतो. इंग्रजी शब्दाची व्युत्पत्तीही याच अंगाची आहे. लॅटिनमधील 'वर' व 'पाहणे' या अर्थांच्या दोन पदांपासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. 'वरून पाहणे', अर्थात देखरेख करणे, हा त्याचा मूळ अर्थ.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण एका नौकेत आहे. पुण्याचे आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त इंग्लंडात नॉर्विच येथे स्थायिक झाले आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी ब्यूर नदीवरील एक जुनी लाकडी मोटार-क्रूझर एका खाजगी मालकाकडून विकत घेतली. पूर्वी ती प्रवाशांना आठवड्याच्या कराराने भाड्याने दिली जात असे. तपासणी झाली आहे काय, असे घरातून विचारण्यात आले तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र पुढे केले. प्रमाणपत्र खरे होते व मुदतीतलेही होते. पुढील वसंतात रंग खरवडीत असता नौकेच्या मागच्या सपाट भिंतीत, जिला 'ट्रान्सम' म्हणतात तिच्यात, हातातील टोच्या मुठीपर्यंत शिरला. दुरुस्तीचा अंदाज खरेदीच्या किमतीहून अधिक निघाला. विकणारा खोटे बोलला नव्हता आणि प्रमाणपत्र देणाऱ्याने आपल्या कामात कसूर केली नव्हती. चूक झाली होती ती एका शब्दाच्या अर्थाची. ज्या पाहणीवर आमच्या स्नेह्यांनी विश्वास टाकला, ती त्यांच्यासाठी झालेलीच नव्हती. प्रस्तुत निबंधात या अर्थभेदाचा इतिहास शोधण्याचा यत्न केला आहे.

नौकेच्या अंगाची गुणवत्ता अक्षरांत नोंदविण्याचा उद्योग प्रथम लंडनच्या विमा-व्यापाऱ्यांनी केला. एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जमणाऱ्या या मंडळींनी १७६० साली एक संस्था स्थापून जहाजांची नोंदवही ठेवण्यास आरंभ केला. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती १७६४ सालापासूनची आहे. भाषेच्या अभ्यासकास या आवृत्तीचे कौतुक वाटावे असे एक कारण आहे. जहाजाच्या मूळ अंगाची, म्हणजे 'हल'ची, प्रतवारी तीत ए, ई, आय, ओ, यू या पाच स्वरांनी केलेली आहे, आणि दोर, शिडे, नांगर इत्यादी सामग्रीची प्रतवारी चांगले, मध्यम व वाईट या अर्थांच्या इंग्रजी शब्दांच्या आद्य व्यंजनांनी. स्वर अंगासाठी, व्यंजने अलंकारांसाठी! हेतू अर्थातच व्याकरणाचा नव्हता. पुढे सामग्रीसाठी अंक आले आणि १७७५-७६ च्या आवृत्तीत 'ए-वन' ही खूण प्रथम अवतरली. तीच पुढे इंग्रजी बोलीत 'उत्कृष्ट' या अर्थी गेली व मुंबईच्या बाजारापर्यंत येऊन पोहोचली.

ही वही मुळात वर्गणीदार विमेवाल्यांपुरती होती, हे येथे विसरता कामा नये. जहाज बुडाल्यास ज्यांचा पैसा बुडणार, त्यांना प्रश्न पडे तो एवढाच की, या जहाजावर किती धोका पत्करावा? जहाजमालकाला ही प्रतवारी जाचक वाटे. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यक्ष स्थितीऐवजी वय व बांधणीचे ठिकाण यांवर वर्ग ठरविण्याची पद्धत आली आणि टेम्सवर बांधलेल्या जहाजांना झुकते माप मिळू लागले, तेव्हा मालकांनी १७९९ साली स्वतःची निराळी नोंदवही काढली. विमेवाल्यांची वही हिरवी व मालकांची तांबडी, अशा नावांनी त्या ओळखल्या जात. पस्तीस वर्षे एकाच जहाजाविषयी दोन ग्रंथ दोन प्रकारे बोलत राहिले आणि १८३४ साली दोघांचे ऐक्य होऊन 'लॉइड्स रजिस्टर'ची पुनर्रचना झाली. एकच लाकूड, एकच सांधे. परंतु पाहणारा कोणाचा, यावर पाहणीचे फळ अवलंबून राहते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. खाजगी यॉट-नौकांची स्वतंत्र नोंदवही याच संस्थेने १८७८ साली सुरू केली व ती १९८० पर्यंत चालली. परंतु नदीनाल्यांतल्या सामान्य क्रूझरांचा बहुतेक संसार त्या ग्रंथाबाहेरच राहिला.

कालव्यांवर पाहणीची वाट निराळीच होती. तेथे पहिला प्रश्न जकातीचा. कालवा-कंपनीला मालाच्या टनांवर पट्टी घ्यावयाची, आणि माल प्रत्येक वेळी उतरवून तोलणे तर अशक्य. म्हणून नवी नौका एका खास धक्क्यावर नेऊन तीत ठराविक वजने क्रमाक्रमाने ठेवीत व प्रत्येक टनागणिक तिचा काठ पाण्यापासून किती इंच वर राहतो हे मोजून त्याचे कोष्टक बनवीत. पुढे नाक्यावरचा कारकून चार ठिकाणी मोजपट्टी लावी, सरासरी काढी व कोष्टकात पाहून मालाचे वजन सांगे. येथे नौकेचे अंग कुजके आहे की धड आहे हा प्रश्नच नव्हता. गळकी नौकाही वजन खरे सांगत असली म्हणजे कंपनीचे काम भागे. आपल्याकडील सर्व्हे नंबराशी या पाहणीचे गोत्र जुळते.

दुसरी पाहणी आली ती माणसांच्या कळवळ्याने. कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ या सुधारकाने १८७५ साली कालव्यांवरील वस्तीविषयी पुस्तक प्रसिद्ध करून नौकांच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांची दैना लोकांपुढे मांडली. परिणामी १८७७ चा कालवा-नौका कायदा व त्यास बळकटी देणारा १८८४ चा कायदा झाला. नौकेची नोंदणी घर म्हणून होऊ लागली. खोलीत किती माणसे झोपावीत हे हवेच्या घनफुटांवर ठरू लागले आणि निरीक्षक नौकेवर चढू लागला. सरकारने अंतर्गत जलमार्गांवर नौकेच्या आत शिरून केलेली ही पहिली मोठी तपासणी होय. तिचाही रोख तळाच्या फळ्यांकडे नव्हता, आतल्या श्वासाकडे होता. नौकेच्या अंगाचे भवितव्य मालकाचे त्याने पाहावे, हे गृहीतच होते.

मालवाहतूक रेल्वेने व मग मोटारींनी ओढून नेली आणि या जलमार्गांवर सहलीची नौका आली. नॉरफोकच्या ब्रॉड्स प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भाड्याच्या शिडाच्या नौका सुरू झाल्या. हॅरी ब्लेकने १९०८ साली त्यांच्या आरक्षणाची एजन्सी काढली. आणि दोन महायुद्धांच्या दरम्यान शिडांच्या जोडीला इंजिने आली. (ब्रॉड्सची ती विस्तीर्ण तळी निसर्गनिर्मित नसून मध्ययुगात इंधनासाठी केलेल्या पीट-मातीच्या खोदाईने झाली आहेत, हे जोइस लँबर्ट या संशोधिकेने १९५० नंतरच्या दशकात दाखवून दिले. ज्या पाण्यावर ही क्रूझर तरंगते ते पाणीच मुळी जुन्या उद्योगाचा खड्डा आहे.) कालव्यांच्या बाजूस रोल्ट यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ साली निघाले, १९४६ साली जलमार्ग-रक्षणाची संघटना उभी राहिली आणि १९६८ च्या वाहतूक कायद्याने सहलीसाठी राखावयाच्या कालव्यांचा निराळा वर्ग केला. भाड्याच्या ताफ्यातील नौका काही हंगामांनंतर खाजगी गिऱ्हाइकांना विकल्या जात, आणि त्यांतूनच जुन्या क्रूझरांचा बाजार मोठा झाला. आता प्रथमच असा खरेदीदार पुढे आला, जो व्यापारी नव्हता, खलाशी नव्हता, आणि ज्याच्या मागे विमेवाल्यांची वहीही नव्हती.

या खरेदीदाराने नेमलेला सर्व्हेअर काय पाहतो, हे थोडे सविस्तर सांगणे इष्ट आहे. कारण अंतर्गत जलमार्गांवरील नौकेचे रोग समुद्रावरील नौकेच्या रोगांहून वेगळे आहेत. लाकडी नौकेस खारे पाणी एका परीने औषधी असते, कारण मिठाने कुजविणाऱ्या बुरशीस आळा बसतो. गोड्या पाण्यात ते संरक्षण नाही. त्यातही जो भाग कायम पाण्याखाली बुडालेला असतो तो पुष्कळदा बरा निघतो. भिजून तुडुंब झालेल्या लाकडात बुरशीला प्राणवायू मिळत नाही. नाश होतो तो सीमारेषेवर. खिडकीच्या कोपऱ्यातून, डेकच्या सांध्यातून पावसाचे पाणी झिरपते, फळीच्या टोकाशी साचते, आणि वरचा रंग टवटवीत असताना आतील लाकूड पोखरले जाते. आमच्या स्नेह्यांच्या नौकेचा ट्रान्सम असाच गेला होता. म्हणून सर्व्हेअर नदीकडे कमी व पावसाकडे अधिक पाहतो, असे म्हणावयास हरकत नाही. त्याची हत्यारेही साधीच असतात: एक टोच्या, एक लहान हातोडी, आरसा, विजेरी.

हातोडीने ठोकून ऐकणे हा या विद्येचा गाभा. कुंभाराकडे माठ घेताना आपण बोटाच्या पेराने तो वाजवून घेतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर खाली ठेवतो. लाकडाचे तेच, आणि काचतंतूंच्या नौकेचेही तेच.

काचतंतू व राळ यांच्या थरांनी बनविलेल्या नौका इंग्लंडात १९५० नंतर हळूहळू व १९६० नंतर झपाट्याने आल्या. हे द्रव्य कुजत नाही, म्हणून ते अमर आहे, अशी प्रारंभी समजूत होती. पुढे असे आढळले की, बाहेरील गुळगुळीत लेपातून पाण्याचे रेणू सावकाश आत शिरतात, थरांच्या पोकळ्यांतील विद्राव्य द्रव्ये विरघळवितात, आणि त्या तीव्र द्रावणाकडे आणखी पाणी ओढले जाऊन फोड उठतात. या क्रियेस 'ऑस्मॉसिस' म्हणतात. येथेही गोडे पाणी समुद्राहून वाईट. बाहेरचे पाणी जितके निर्मळ तितका आतबाहेरच्या द्रावणांतील फरक मोठा, आणि पाण्याची ओढ अधिक. फोड फोडला असता आंबूस वासाचा द्रव निघतो. हा रोग मोजण्यासाठी ओलावा-मापकाचा वापर होतो. तो पृष्ठभागावर टेकविला की आकडा दाखवितो. या आकड्याविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. नौका नुकतीच पाण्याबाहेर काढली असेल तर आकडा साहजिकच चढा येतो; आत धातू किंवा पाण्याची टाकी असेल तरी येतो. अनुभवी सर्व्हेअर त्याकडे तुलनेपुरते पाहतो: या नौकेचा पाण्यावरील भाग व पाण्याखालील भाग, डावी बाजू व उजवी बाजू. परंतु अहवालात छापलेला आकडा वाचणाऱ्यास निकाल वाटतो. पोलादी नौकांच्या पत्र्याची जाडी ध्वनिलहरींच्या उपकरणाने मिलिमीटरांत मोजतात; तेथे आकड्याला अधिक अर्थ असला, तरी तोही जेथे उपकरण टेकविले त्या बिंदूपुरताच.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडच्या १८९३ च्या मालविक्री कायद्याने 'खरेदीदाराने सावध राहावे' या जुन्या न्यायतत्त्वास काही अपवाद केले. वस्तू विक्रीयोग्य असली पाहिजे ही गर्भित अट त्यांपैकी एक. परंतु ती अट अशा मालाचा व्यापार करणाऱ्यावर होती. आपली नौका एकदाच विकणाऱ्या गृहस्थावर नव्हती. जुन्या क्रूझरांची पुष्कळशी विक्री अशा गृहस्थांकडूनच होते, मध्ये दलाल असला तरी. त्याहूनही विचार करावयास लावणारे एक उपकलम त्यात होते. खरेदीदाराने वस्तू स्वतः तपासली असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांपुरती ही अट लागू होत नाही. माठ वाजवून घेतला म्हणजे तो बद्द होता अशी तक्रार करण्याचा हक्क गेला! आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम याच मसुद्यावर बेतलेले असून हे उपकलम त्यातही आहे. तपासणीने खरेदीदाराचे ज्ञान वाढते त्याच मापाने त्याचे संरक्षण घटते, आणि ही तूट भरून काढावयाची ती सर्व्हेअरच्या शब्दाने.

त्या शब्दाची जबाबदारी मात्र ज्याने फी दिली त्याच्याशी झालेल्या करारापुरतीच, अशी समजूत फार काळ होती. १९६३ साली हेडली बर्न या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने असे तत्त्व मांडले की, विशेष ज्ञान असलेल्या व्यक्तीच्या निष्काळजी विधानावर दुसरा कोणी विसंबून राहणार हे तिला माहीत असेल, तर करार नसतानाही ती जबाबदार ठरू शकते. यामुळे सर्व प्रमाणपत्रांचा खरेदीदारास उपयोग होईल अशी आशा वाटणे स्वाभाविक होते. १९९७ च्या रीमन खटल्याने तिला मर्यादा घातली. एका मासेमारी नौकेच्या खरेदीदारांनी सरकारी खात्याने दिलेल्या सुरक्षा-प्रमाणपत्रावर विसंबून ती घेतली होती. पुढे नौकेच्या स्थैर्याच्या गणितातील चूक उघडकीस आली व नौका धंद्यास निरुपयोगी ठरली. अपील न्यायालयाने खरेदीदारांचा दावा मान्य केला नाही. प्रमाणपत्राचा हेतू समुद्रावर जाणाऱ्यांचा जीव राखणे हा होता, नौका विकत घेणाऱ्यांचे पैसे राखणे हा नव्हता, असे त्या निर्णयाचे सार. निर्णय कठोर आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने पाहता तो नवा नाही. हिरव्या वहीपासून प्रत्येक पाहणीचा एक धनी ठरलेला होताच.

नेमक्या त्याच वर्षी, १९९७ साली, अंतर्गत जलमार्गांवर 'बोट सेफ्टी स्कीम' सुरू झाली. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याने कालव्यावर नौका ठेवण्याच्या परवान्यास विमा व ठरलेल्या सुरक्षा-मानकांची पूर्तता यांची अट घातली होती. त्या मानकांची दर चार वर्षांनी होणारी तपासणी ती ही. ब्रॉड्सवरही ती पुढे लागू झाली. तिचे कारण नौकेच्या पोटात आहे. पेट्रोलची वाफ व स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतात. गळती झाली की ते नौकेच्या तळाशी साचतात आणि एक ठिणगी पुरते. म्हणून या तपासणीत इंधनाच्या नळ्या, गॅसच्या टाकीची जागा, विजेच्या तारा, वायुवीजन, अग्निशामक साधने पाहतात. २०१९ पासून कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्रही सक्तीचे झाले. नौकेच्या अंगाची स्थिती मात्र तीत पाहात नाहीत, आणि योजनेने हे कधी लपविलेलेही नाही. शेजारच्या नौकेचा, धक्क्यावरील माणसाचा, जलमार्गाच्या मालकाचा धोका टळावा हा तिचा उद्देश. ट्रान्सम कुजला तर शेजारच्या नौकेचे काय बिघडते? १८७७ च्या कायद्यातील खोलीची हवा पाहणारा निरीक्षक आणि हा परीक्षक एकाच कुळातले. आमच्या स्नेह्यांच्या हाती होते ते प्रमाणपत्र हेच.

आपल्याकडेही स्थिती निराळी नाही. १९१७ च्या अंतर्गत वाफेच्या नौकांच्या कायद्यात 'सर्व्हे' हे एक संपूर्ण प्रकरणच होते, व प्रमाणपत्र लाँचीवर सर्वांस दिसेल अशा जागी लावावयाचे असे. २०२१ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली. लाँचीतून खाडी ओलांडणाऱ्या प्रवाशास तो कागद काही सांगतो. लाँच विकत घेऊ पाहणाऱ्यास फारच थोडे.

राहता राहिला खरेदीदाराच्या सर्व्हेअरचा अहवाल, आणि त्याची भाषा हा प्रस्तुत लेखकाच्या खास आवडीचा विषय. विक्रीच्या रूढ पद्धतीत खरेदीदार किमतीच्या दहा टक्के अनामत ठेवून करार करतो व मग सर्व्हेअर नेमतो. मोठे दोष निघाले तर करार मोडता येतो किंवा किंमत उतरवून मागता येते. अहवालात होकारार्थी वाक्ये वर्णनाची असतात: फळी अमुक लाकडाची, खिळे अमुक धातूचे. गुणवत्तेविषयीची वाक्ये पुष्कळदा नकारार्थी असतात, आणि त्या नकाराची जागा फार महत्त्वाची. 'दोष नाही' आणि 'दोष आढळला नाही' यांत मराठीत एका क्रियापदाचे अंतर आहे. पहिले विधान नौकेविषयी आहे, दुसरे पाहणाऱ्याविषयी. सर्व्हेअर शक्यतो दुसऱ्या प्रकारानेच लिहितो. जे भाग झाकलेले, बंद किंवा पोहोचण्यास अशक्य होते ते पाहिलेले नाहीत, व म्हणून ते निर्दोष आहेत असे सांगता येत नाही, असे कलम अशा अहवालांत असतेच. काही वाचकांस ही पळवाट वाटते. आमच्या मते ती प्रामाणिक भाषा आहे. तिच्यात अप्रामाणिकपणा शिरतो तो दलाल तोंडी सांगताना 'सर्व्हे स्वच्छ आहे' असे तिचे भाषांतर करतो तेव्हा. त्या एका विशेषणात पाहिलेले व न पाहिलेले दोन्ही बुडून जातात.

आमच्या स्नेह्यांनी पुढे दुसरी नौका पाहिली, काचतंतूंची. या वेळी सर्व्हेअर त्यांनी स्वतः नेमला, नौका पाण्याबाहेर काढविली व अहवाल आम्हांस वाचावयास पाठविला. पाण्याखालील भागावर सहा ठिकाणी बारीक फोड असल्याची नोंद होती. त्यापोटी किंमत काहीशी उतरली. केबिनच्या लाकडी अस्तरामागील भाग पाहता आला नाही, असे बाराव्या पानावर लिहिले होते. त्यांनी ते पान दोनदा वाचले, अस्तराचे चार स्क्रू काढून देण्याची मालकास विनंती केली, आणि मालकाने ती नाकारली नाही.